मांडून ठेवलेलं काम

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या जगभरच्या संगणकांकडे निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, त्यांच्याकडे हिवाळा असेल तर साडेअकरा. त्यामुळे त्यांचा मंगळवार आपल्याला बुधवारी सकाळी भेटतो. ऑफिसं उघडतात, पतपेढीच्या काउंटरमागे माणसं येऊन बसतात, सेवा केंद्रापुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागते, आणि पडद्यावर ठिपक्यांचं कडं गोल फिरत असतं. खाली लिहिलेलं असतं, संगणक बंद करू नका. रांगेतला माणूस विचारतो, किती वेळ? आतल्या माणसालाही ते ठाऊक नसतं.

हा मंगळवार २००३ च्या ऑक्टोबरपासून ठरलेला आहे. त्याआधी दुरुस्त्या तयार होतील तशा, कुठल्याही दिवशी येत, आणि शेकडो संगणक सांभाळणाऱ्यांची त्यात फरपट होई. दिवस ठरला तर आधी तयारी करता येते, एका यंत्रावर लावून बघता येतं, आणि काही बिघडलंच तर निस्तरायला शुक्रवारपर्यंतचे दिवस हाताशी राहतात. हा समंजस विचार होता. दुसऱ्याच्या कामाचा आठवडा कसा जातो हे लक्षात घेऊन कुणीतरी तो केला होता. घरात वापरल्या जाणाऱ्या संगणकापर्यंत येता येता तो समंजसपणा कुठे गळून पडला, हे मला समजून घ्यायचं आहे, कारण माझं पोट आणि माझी आवड दोन्ही या पडद्यावर अवलंबून आहेत.

मी सांगलीत दिवाळी अंकाचं संपादन करतो. श्रावणात मजकूर येऊ लागतो आणि नवरात्रात शेवटचे फर्मे छापायला जातात. या दिवसांत माझ्या लॅपटॉपवर जे उघडं असतं त्याला बाहेरचा माणूस पसाराच म्हणेल. एका कथेचे दोन खर्डे शेजारी शेजारी असतात. डावीकडे लेखिकेने पहिल्यांदा पाठवलेला, उजवीकडे फेरविचार करून बदललेला. दोन्ही नेमक्या त्या परिच्छेदावर थांबवलेले, जिथे तिने म्हातारीच्या तोंडचं एक वाक्य काढून टाकलं आहे आणि मला ते परत हवं आहे. त्यांच्यामागे शब्दकोशाचं पान. त्याहीमागे एका जुन्या मासिकाची स्कॅन केलेली प्रत, मधल्याच कुठल्याशा पानावर उघडी, कारण एका लेखातला संदर्भ तिथे पडताळायचा आहे. शेवटी एक अर्धवट पत्र. त्यात ‘तुमची कविता वाचली’ इतकं लिहून मी थांबलेला असतो, कारण पाहुण्यासारखं जपून वागणाऱ्या त्या ज्येष्ठ कवीला नकार कसा कळवावा ते सुचलेलं नसतं.

यातली प्रत्येक फाइल डिस्कवर जपलेली असते. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं तरी एकही अक्षर कुठे जात नाही, हे मला मान्य आहे. जाते ती त्यांची एकमेकांशेजारची जागा. मी काय ताडून बघत होतो, कशानंतर काय बघणार होतो, हे सगळं त्या मांडणीत असतं आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. सकाळी येऊन तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी रात्री आपण कुठे उभे होतो ते कळतं. रात्रीतून रीस्टार्ट झाला की समोर कोरा डेस्कटॉप येतो. काही प्रोग्राम आपल्या खिडक्या आठवणीने परत उघडतात, काही उघडत नाहीत. स्कॅन केलेला अंक पुन्हा मुखपृष्ठावर जाऊन बसतो.

म्हातारीच्या त्या वाक्याचंच बघा. ते का परत यायला हवं याचं एक कारण मला रात्री सापडलं होतं. दोन्ही खर्डे डोळ्यांपुढे असताना त्यांच्या मधल्या फटीत ते दिसलं होतं. सकाळी दोन्ही फाइली शोधून उघडल्या, तो परिच्छेद शोधला, वाक्य वाचलं. वाक्य चांगलं होतं, पण कारण आलं नाही. लेखिकेला फोन केला तेव्हा मी फक्त ‘मला ते आवडलं होतं’ इतकंच म्हणू शकलो, आणि तेवढ्यावर कुठला लेखक आपला निर्णय फिरवेल? कथा त्या वाक्याशिवाय छापली गेली.

लोक म्हणतात, पाच मिनिटांचं तर काम आहे. पाच मिनिटं यंत्राची झाली. निकालपत्रक लावणाऱ्या बाईंना, जीएसटीचं विवरण भरणाऱ्या हिशेबनिसाला, नकाशा काढणाऱ्या मुलाला पुन्हा त्या जागी यायला किती वेळ लागतो, याची नोंद कुठल्याच पडद्यावर होत नाही. हा त्रास लहान समजला जातो, कारण तो ज्याचा त्यालाच दिसतो.

मग यंत्राला थांबावं तरी का लागतं? विंडोजमध्ये चालू प्रोग्रामच्या वापरात असलेल्या फाइलीला कुलूप असतं, ती तशी बदलता येत नाही. म्हणून नव्या फाइली बाजूला आणून ठेवल्या जातात, कोणाच्या जागी कोण जाणार याची यादी लिहिली जाते, आणि यंत्र पुन्हा सुरू होत असताना, बाकी काहीही जागं होण्याआधी, अदलाबदल उरकली जाते. युनिक्स आणि तिच्या धर्तीवर घडलेल्या लिनक्समध्ये रीत वेगळी आहे. तिथे वापरातल्या फाइलीच्या नावावर नवी फाइल ठेवता येते. चालू प्रोग्राम जुनी प्रत धरून चालत राहतो, पुढच्या वेळी उघडला की नवी घेतो. त्यामुळे बरीचशी दुरुस्ती काम न थांबवता होते. पण सगळ्याच्या मुळाशी जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो बदलायचा तर तिथेही यंत्र थांबवणं भाग होतं.

इथे जेफ अर्नोल्ड या एमआयटीतल्या विद्यार्थ्याची गोष्ट येते, आणि ती मला फार जवळची वाटते. तो तिथल्या एका सर्व्हरची देखभाल करत होता. कर्नलमधल्या एका भोकावर दुरुस्ती आली. ती लावायची तर रीस्टार्ट हवा होता, आणि अनेक जण त्या सर्व्हरवर काम करत होते. त्यांचा खोळंबा नको म्हणून त्याने रीस्टार्ट शनिवार-रविवारवर ढकलला. तो येण्याआधीच कुणीतरी त्या भोकातून आत शिरलं. या मुलाने लोकांच्या कामाची कदर केली आणि त्याचीच किंमत मोजावी लागली. पण पुढे तो ‘यापुढे कुणाचं ऐकायचं नाही, दुरुस्ती आली की यंत्र बंद’ असं म्हणाला नाही. चालू कर्नलमध्येच, यंत्र न थांबवता दुरुस्ती कशी बसवता येईल यावर त्याने प्रबंध लिहिला आणि ती पद्धत उभी करून दाखवली. तिचं नाव केस्प्लाइस. मित्रांबरोबर त्याने कंपनी काढली, २०११ मध्ये ती ओरॅकलने घेतली. पुढे २०१५ पासून लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच अशा दुरुस्तीची सोय आली.

टेलिफोन एक्स्चेंज बांधणाऱ्यांनी तर हा प्रश्न त्याच्याही आधी सोडवला होता. स्वीडनच्या एरिक्सनमध्ये १९८० च्या दशकात एर्लांग नावाची भाषा घडवली गेली. तिच्यात चालू प्रोग्रामचे भाग चालू असतानाच बदलता येतात. हजारो लोक बोलत असताना एक्स्चेंज बंद करणं शक्यच नव्हतं, म्हणून तसा मार्ग शोधणं भागच पडलं. आता मायक्रोसॉफ्टही मोठ्या संस्थांना दिल्या जाणाऱ्या विंडोज ११ मध्ये अशी सोय देते, आणि त्यांचे वर्षाचे बारा रीस्टार्ट चारवर येतात. म्हणजे यंत्र थांबलंच पाहिजे हा काही सृष्टीचा नियम नाही. थांबण्याची झळ ज्यांना सोसवत नव्हती आणि ज्यांचं ऐकणं भाग होतं, त्यांच्यासाठी वाट निघाली. घरात बसून एकट्याने काम करणाऱ्याचा खोळंबा कुणाच्याच हिशेबात धरला गेला नाही, म्हणून तो आजही तसाच चालू आहे. मला राग येतो तो याचा.

तरीही रीस्टार्टला शत्रू ठरवून मला मोकळं होता येत नाही. १९९१ सालच्या धाहरानची हकीकत वाचल्यापासून तर नाहीच. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या या तळाच्या रक्षणासाठी पॅट्रियट क्षेपणास्त्रांची यंत्रणा बसवलेली होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत होतं. एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, शेपूट तोडावंच लागतं. तो नगण्य फरक दर मोजणीला साठत जातो. यंत्रणा शंभर तासांहून जास्त वेळ सलग चालू होती आणि तिचं घड्याळ सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशाने चुकलं होतं. एवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २५ फेब्रुवारीच्या रात्री स्कड आलं तेव्हा रडारने भलत्याच जागी पाहिलं, तिथे काही दिसलं नाही, आणि बचावाचं क्षेपणास्त्र सुटलंच नाही. स्कड सैनिकांच्या बराकीवर पडलं. अठ्ठावीस जण गेले.

यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती तर घड्याळ शून्यावर आलं असतं. त्याला एक-दीड मिनिट लागलं असतं. फार वेळ सलग चालवल्यावर नेम सरकतो, हे इस्रायलच्या सैन्याने दोन आठवडे आधीच कळवलं होतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर तयार होऊन निघालंही होतं, ते धाहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला, दुसऱ्या दिवशी. पण मी पुन्हा पुन्हा वाचतो ती या हल्ल्यानंतरच्या चौकशीतली एक वेगळीच बाब. २१ फेब्रुवारीला पॅट्रियट चालवणाऱ्यांना संदेश गेला होता की ‘फार जास्त वेळ’ यंत्रणा चालू ठेवली तर नेम सरकू शकतो. फार जास्त म्हणजे किती, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. आठ तास, वीस तास, असा एक आकडा त्या संदेशात असता तर तिथल्या जवानांनी यंत्रणा बंद करून चालू केलीच असती. ती माणसं आळशी नव्हती. तळाचं रक्षण सोडून यंत्र का बंद करायचं, हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

आज आपल्याला येणारे संदेश वाचा. ‘काही त्रुटी दूर केल्या आहेत.’ ‘कार्यक्षमता वाढवली आहे.’ फोनमधल्या अर्ध्याअधिक अ‍ॅपखाली आठवड्यामागून आठवडा हेच वाक्य असतं. कुठली त्रुटी? ती माझ्या बँक खात्याशी संबंधित आहे की इमोजीच्या रंगाशी? आज रात्री लावायलाच हवी की अंक छापायला गेल्यावर चालेल? हे कळलं तर मी उठून तेव्हाच लावेन. हातातला लेख बाजूला ठेवेन.

घाई खरी असते, हेही इथे सांगायला हवं. कुठे काय सांधलं हे दुरुस्तीच दाखवते. ती उलगडून वाचणाऱ्याला भोक नेमकं कुठे होतं ते कळतं, आणि ज्यांनी ती लावलेली नाही त्यांच्या दिशेने तो निघतो. म्हणून मंगळवारनंतरचा बुधवार धोक्याचा. २०१७ च्या मार्चमध्ये, १४ तारखेला, विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती आली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा त्याच भोकातून जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एकोणीस हजारांहून जास्त रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. दुरुस्ती जवळपास दोन महिने उपलब्ध होती.

यावरून दुरुस्ती टाळणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे. मग त्याच वर्षीचा २७ जून आठवावा लागतो. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर घरोघरच्या धंद्यात वापरलं जात होतं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष घातलं. ज्यांनी शिस्तीने, वेळेवर अपडेट घेतलं होतं, त्यांच्या यंत्रात नॉटपेट्या नावाचा किडा त्या वाटेने शिरला आणि तिथून कंपन्यांच्या जाळ्यांतून देशोदेशी गेला. डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज कंपनीला पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. त्या कंपनीच्या समूहाकडे असलेलं आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलही त्या दिवशी ठप्प झालं. युक्रेनमधल्या कुणा हिशेबनिसाने घेतलेल्या अपडेटमुळे उरणजवळ कंटेनर अडकून पडले.

सहा-सात आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी. एकीत न घेणारे बुडाले, दुसरीत घेणारे. एखाद्या छोट्या दुकानदाराने यातून काय शिकायचं? आणि १९ जुलै २०२४ ला तर त्याला काही ठरवायची संधीही नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली सदोष फाइल आपल्याकडच्या घड्याळात सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी निघाली, कुणालाही न विचारता आपोआप लागली, आणि सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. फाइल तासा-दीड तासात मागे घेतली गेली, पण अडकलेली यंत्रं मागे आणायला माणसांना एकेका यंत्रापुढे जाऊन उभं राहावं लागलं.

अपडेट म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या हाती घराची किल्ली देणं आहे. तिथे विश्वासाशिवाय काहीच चालत नाही, आणि माझी खरी तक्रार तो विश्वास कसा उधळला गेला याबद्दल आहे. एकाच पुडीत दोन गोष्टी बांधून पाठवण्याची सवय लागली. भोक बुजवणं ही एक. आपल्याला हवे तसे बदल गिऱ्हाइकाच्या यंत्रात करून घेणं ही दुसरी. गळका नळ दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना फळीवरचे डबे हलवून, देव्हाऱ्याचं तोंड फिरवून आणि भिंतीवर आपल्या दुकानाचा कागद चिकटवून गेला, तर पुढच्या वेळी नळ गळत असूनही घरातलं माणूस त्याला बोलवायला कचरेल. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोयच नव्हती. ‘कामाचे तास’ सांगायची सोय वर्षभराने आली, आधी बारा तासांपुरती, पुढे अठरा. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंचा संगणक, त्यांनी मागितलेलं नसताना विंडोज १० वर जाऊ लागला, आणि मग धड चालेना. त्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टकडून दहा हजार डॉलर घेऊन परतल्या. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या अपडेटने काही लोकांचे दस्तऐवज आणि फोटो पुसून टाकले, तेव्हा कंपनीला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं. दुरुस्त होऊन ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा आलं, पण ज्याचे फोटो गेले तो माणूस पुढच्या कुठल्या अपडेटला निर्धास्तपणे होकार देईल?

ॲपलचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं, कारण तिथे दुरुस्ती योग्य होती. आयफोनची बॅटरी जुनी झाली की जोराचं काम आल्यावर फोन अचानक बंद पडत होता. तो बंद पडू नये म्हणून एका अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी करण्यात आला. अडचण खरी होती आणि उपायही समजण्यासारखा. फक्त लोकांना सांगितलं नाही. फोन मंदावला म्हणून कितीकांनी नवा फोन घेतला असेल, जिथे नुसती बॅटरी बदलून भागलं असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये हे उघड झालं, कंपनीने माफी मागितली, बॅटरीची किंमत उतरवली. एक सरळ वाक्य वेळेवर लिहिलं असतं तर यातलं काहीही करावं लागलं नसतं.

माझी मागणी फार मोठी नाही. भोक बुजवणारी दुरुस्ती वेगळी पाठवा, तिच्यात दुसरं काहीही मिसळू नका, ती कशासाठी आहे आणि किती तातडीची आहे ते मला कळेल अशा मराठीत लिहा. ती मी त्याच दिवशी घेईन. नवं रूप, नव्या सोयी, नव्या जाहिराती वेगळ्या पुडीत ठेवा आणि मला विचारा. आणि यंत्र थांबवायचंच असेल तर माझी मांडणी जशीच्या तशी परत ठेवण्याची जबाबदारी घ्या. जगभर अब्जावधी खिडक्या उघडणाऱ्यांना त्या होत्या तिथेच पुन्हा उघडणं जमू नये, हे मला पटत नाही.

ज्यांना मागे टाकून हे सगळं पुढे जातं त्यांच्यातल्या एकीची खोली मी रोज बघतो. आमच्या अंकाची जुळणी करणाऱ्या ताईंच्या खोलीत दोन संगणक आहेत. जुन्यावर विंडोज एक्सपी आहे, पेजमेकर ७ आहे, आणि त्याच्या मागच्या खोबणीत मराठी फाँटचं डोंगल खोचलेलं आहे. त्या यंत्राला नेट जोडलेलं नाही, वर्षानुवर्षं नाही. कुणी नवा पोरगा मदतीला आला की ताई त्याला आधी तेच बजावतात.

“ह्याला नेट लावायचं नाही हं. पेन ड्राइव्ह पण मला विचारूनच.”

हा हट्ट नाही, यामागे पक्का हिशेब आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. ती फाइल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की कथेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. डोंगलची ती खोबण नव्या यंत्रांना नसते. पेजमेकर ७ आला २००१ मध्ये, त्यानंतर पेजमेकरची पुढची आवृत्ती निघालीच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतरही एक्सपीवर चालणारी एटीएमं आपल्याकडे इतकी होती की रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना वर्षभराची मुदत घालून द्यावी लागली. बँकांना सांगणारी रिझर्व्ह बँक होती. एका खोलीत बसून तालुक्यातल्या लेखकांची पुस्तकं लावणाऱ्या बाईंना मुदत सोडा, सल्ला द्यायलाही कुणी आलं नाही. त्या यंत्रात आमचे कितीतरी दिवाळी अंक आहेत, आज हयात नसलेल्या माणसांच्या कथा आहेत, गावच्या इतिहासाची एक पोथीसारखी जाड संहिता आहे. ते यंत्र अद्ययावत केलं तर हे सगळं वाचता येणार नाही. म्हणून ताई अपडेट घेत नाहीत, आणि हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

दुसरा संगणक विंडोज १० चा. त्याचा आधार २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपला, तोही महिन्याचा दुसरा मंगळवार, दिवाळीच्या तोंडावरचा. विंडोज ११ त्यावर चढत नाही. त्याचा प्रोसेसर ठरवलेल्या यादीतला नाही आणि त्यात हवी ती सुरक्षा चिप नाही. यंत्र ठणठणीत चालतं, रंगीत मुखपृष्ठं उघडतं, शंभर पानांचा अंक न कुरकुरता पेलतं. एका वर्षाची मुदतवाढ मिळते, ती आम्ही घेतली. ताईंनी विचारलं, “सर, पुढच्या वर्षी नवा घ्यायचाच झाला तर जुन्यातलं सगळं आत्ताच काढून घ्यायचं का?”

ते काम आम्ही सुरू केलं आहे. एक्सपीवरचा अंक उघडायचा, मजकूर युनिकोडमध्ये फिरवणाऱ्या प्रोग्राममधून काढायचा, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, कारण फिरवताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात आणि र्‍हस्व इकार एक घर सरकतो. ‘सूर्य’ आणि ‘कर्ज’ हे शब्द आले की ताई थांबूनच बघतात. छापील अंक शेजारी उघडा ठेवून त्या मोठ्याने वाचतात आणि मी पडद्यावर दुरुस्त करतो. २००३ चा अंक पूर्ण झाला. २००४ मधल्या कथा झाल्या आहेत, कविता राहिल्या आहेत, आणि कवितांना वेळ लागतो, कारण तिथे ओळी कुठे तुटतात हेही छापील पानावरूनच ठरवावं लागतं.